पडद्यावरचा ठिपका आणि पाहणाऱ्याची जबाबदारी

१ जून ते ३१ जुलै ही एकसष्ट दिवसांची मासेमारीबंदी उठली की मालिम, कुटबण, शापोरा, बेतूल आणि वास्कोचा खारीवाडा येथील धक्क्यांवर पुन्हा वर्दळ सुरू होते. जाळी दुरुस्त होतात, बर्फ भरला जातो, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण केला जातो आणि नौका मांडवी-जुवारीची मुखे ओलांडून खोल पाण्याकडे निघतात. त्याच पाण्यातून मुंबई-न्हावाशेवाहून कोचीकडे, इराणच्या आखातातून कोलंबोकडे जाणारी प्रचंड जहाजे रात्रंदिवस ये-जा करीत असतात. या जहाजांच्या ब्रिजवर, म्हणजे जेथून जहाज हाकले जाते त्या उंच कक्षात, एक पडदा उजळलेला असतो. आमच्या तांडेलाची नौका, तिच्यावरील दहा-बारा माणसे, त्यांची जाळी आणि त्यांच्या घरच्यांची आशा हे सारे त्या पडद्यावर एका ठिपक्याएवढे असते. तो ठिपका दिसला तर जहाज वळते. न दिसला, किंवा दिसूनही पाहिला गेला नाही, तर काय होते ते आमच्या किनाऱ्याने पुनःपुन्हा अनुभवले आहे.

मार्च २०१२ मध्ये केरळात आलप्पुळाच्या किनाऱ्यापाशी ‘प्रभु दया’ या मालवाहू जहाजाची मासेमारी नौकेशी टक्कर होऊन पाच मच्छीमारांचे प्राण गेले. जून २०१७ मध्ये कोचीजवळ ‘अंबर एल’ या जहाजाची धडक नांगरून पडलेल्या नौकेला बसली. एप्रिल २०२१ मध्ये मंगळुरूच्या समुद्रात ‘एपीएल ल हाव्र’ हे कंटेनरवाहू जहाज आणि बेपूरची एक नौका यांची टक्कर झाली. नौकेवरील चौदांपैकी दोघेच वाचले. २१ नोव्हेंबर २०२४ रोजी तर आपल्या गोव्यापासून सुमारे ७० सागरी मैलांवर ‘मार्थोमा’ ही नौका आणि भारतीय नौदलाची पाणबुडी यांची टक्कर झाली. तीवरील तेरांपैकी अकरा जणांना वाचविण्यात आले, दोघे घरी परतले नाहीत. यांपैकी कोणत्या घटनेत दोष कोणाचा हे ठरविणे चौकशी यंत्रणांचे आणि न्यायालयांचे काम आहे. ते आम्ही आपल्या शिरावर घेत नाही. पाणबुडीचे प्रश्न तर व्यापारी जहाजांहून सर्वस्वी निराळे असतात. परंतु एक प्रश्न सर्वसामान्य वाचकाच्या मनात येतो आणि तो रास्तही आहे: जहाजांवर आज रडार आहे, उपग्रहाचे मार्गदर्शन आहे, धोका जवळ येताच घंटा वाजविणारी यंत्रणा आहे, मग अशा टकरी होतातच कशा? या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर तो पडदा काय दाखवितो आणि काय दाखवीत नाही हे आधी समजून घेतले पाहिजे.

रडार हे युद्धाचे अपत्य असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः या कल्पनेचा उगम जहाजांच्या सुरक्षिततेच्या विचारातच झाला. १९०४ साली ख्रिस्टिआन ह्यूल्समायर या जर्मन संशोधकाने कलोन येथे ऱ्हाइन नदीवर एक यंत्र चालवून दाखविले. समोरून येणाऱ्या जहाजावर विद्युत्‌लहरी आदळून परत आल्या की यंत्रातील घंटा वाजे. धुक्यात जहाजांची टक्कर टळावी हा त्याचा हेतू होता. त्या काळी कोणी त्यास विचारले नाही. पुढे तीन दशकांनी विमाने शोधण्यासाठी राष्ट्रांना रडारची निकड भासली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते व्यापारी जहाजांवर आले. तत्त्व तेच राहिले. डोलकाठीवर फिरणारा पंखा मिनिटाला वीस किंवा अधिक फेऱ्या घेत लहरींचे सूक्ष्म झोत सोडतो. ते एखाद्या वस्तूवर आपटून परततात. एक सागरी मैल दूर असलेल्या वस्तूपर्यंत जाऊन परत येण्यास लहरींना सेकंदाचा सुमारे ऐंशी हजारावा भाग लागतो. या वेळेवरून अंतर कळते, पंख्याच्या रोखावरून दिशा कळते, आणि पडद्यावर त्या ठिकाणी ठिपका उमटतो.

येथवर सारे सोपे आहे. परंतु समुद्र सपाट नाही आणि आकाश नेहमी निरभ्र नाही. लाटांवरूनही लहरी परततात, पावसाच्या सरींवरूनही परततात. त्यामुळे खवळलेल्या समुद्रात पडद्याच्या मध्याभोवती, म्हणजे खुद्द जहाजाच्या आसपास, ठिपक्यांचा दाट गालिचाच पसरतो. वाऱ्याच्या बाजूला तो अधिक दाट असतो. हा गोंधळ कमी करण्यासाठी यंत्रावर नियंत्रणे दिलेली आहेत. एक परत आलेल्या लहरींना कमी-अधिक बलवान करते, दुसरे लाटांचे ठिपके दाबते, तिसरे पावसाचे. जहाज चालविण्याचे शास्त्र न शिकलेल्यासही ही गोष्ट कळावी, कारण सारे मर्म तीतच आहे. लाटांचे ठिपके दाबणारी कळ फार वळविली की पडदा स्वच्छ होतो, डोळ्यांस सुखद होतो. पण यंत्राला लाट आणि होडी यांत भेद करता येत नाही; त्यास दुर्बळ प्रतिध्वनी आणि सबळ प्रतिध्वनी एवढेच कळते. लाकडी अथवा फायबरच्या नौकेचा प्रतिध्वनी लाटेच्या प्रतिध्वनीहून फारसा सबळ नसतो. तेव्हा लाटांबरोबर ती नौकाही पुसली जाते. पडदा स्वच्छ दिसतो याचा अर्थ समुद्र मोकळा आहे असा होत नाही. पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की पाहणाऱ्याने आपल्या सोयीसाठी समुद्र मोकळा करून घेतला आहे.

आज हे काम यंत्राने आपोआप करण्याचीही सोय झाली आहे. ती चांगली आहे, पण तीही लहान ठिपका गिळू शकते. म्हणूनच जाणता अधिकारी एकच मांडणी करून स्वस्थ बसत नाही. तो मधूनमधून कळा सैल करतो, गोंधळ क्षणभर परत येऊ देतो आणि त्या गोंधळात एखादा ठिपका प्रत्येक फेरीला त्याच जागी टिकून राहतो की काय हे पाहतो. लाट जागा बदलते, होडी टिकते. तो कधी बारा मैलांचा पट्टा पाहतो, कधी सहाचा, कधी तीनचा. दूरवरचे पाहताना जवळचे लहान दिसते आणि जवळचे पाहताना दूरचे पडद्याबाहेर राहते, हे त्यास ठाऊक असते. आपल्याच जहाजावरील क्रेन आणि कंटेनरांच्या राशी यांच्या आड रडारला दिसू न शकणारे कोपरे कोणते, हेही त्याने पाठ केलेले असते. मोठ्या जहाजांवर तीन सेंटिमीटर आणि दहा सेंटिमीटर लांबीच्या लहरींची दोन रडारे असतात. पहिले बारीक वस्तू स्पष्ट दाखविते, दुसरे पाऊस व लाटा यांतून अधिक चांगले पाहते. जो दोन्ही पाहतो त्यास दोन साक्षीदार मिळतात.

ठिपका दिसल्यानंतरचे काम त्याहून नाजूक आहे. आगगाडीत बसलेल्यास झाडे मागे पळताना दिसतात. तसेच रडारच्या पडद्यावर आपले जहाज मध्याशी स्थिर आणि बाकीचे जग हलताना दिसते. नांगरून उभी असलेली होडीही आपल्याकडे चालत येताना दिसते. समोरचे जहाज खरोखर कोठे चालले आहे हे कळण्यास ठराविक वेळाने त्याची जागा टिपून हिशेब मांडावा लागतो. पूर्वी हे काम कागदावर पेन्सिलीने होई. आता संगणक ते करतो, आणि दोन जहाजे एकमेकांच्या अधिकांत अधिक किती जवळ येतील व किती मिनिटांनी येतील हे आकड्यांत सांगतो. ठरविलेल्या अंतराच्या आत कोणी शिरले की घंटा वाजते. मात्र या संगणकालाही ठिपक्याच्या गतीची दिशा ढोबळपणे सांगण्यास सुमारे एक मिनिट आणि खात्रीने सांगण्यास सुमारे तीन मिनिटे द्यावी लागतात. जो ठिपका पडद्यावर उमटलाच नाही त्याची घंटा मुळीच वाजत नाही.

यंत्र असूनही टक्कर कशी होते याचा सर्वांत प्रसिद्ध धडा १९५६ सालचा आहे. २५ जुलैच्या रात्री अमेरिकेतील नॅन्टकेट बेटाच्या दक्षिणेस ‘आंद्रेआ दोरिया’ हे इटलीचे आणि ‘स्टॉकहोम’ हे स्वीडनचे अशी दोन प्रवासी जहाजे परस्परांच्या दिशेने येत होती. इटलीचे जहाज दाट धुक्यात होते. दोघांजवळही रडार होते आणि दोघांनीही एकमेकांस मैलोगणती आधी पडद्यावर पाहिले होते. ‘आंद्रेआ दोरिया’ने तर सुमारे सतरा मैलांवरून. तिच्या ब्रिजवर मात्र त्या ठिपक्याच्या जागा टिपून हिशेब मांडला गेला नाही, आणि धुके असूनही वेग फारसा उतरविला गेला नाही. एका जहाजास वाटले की आपण एकमेकांच्या उजवीकडून जाऊ, दुसऱ्यास वाटले की डावीकडून. ताशी चाळीस मैलांच्या आसपासच्या एकत्रित वेगाने ती जवळ आली आणि शेवटच्या क्षणी एकमेकांसमोर वळली. एक्कावन्न माणसे दगावली. सोळाशेंहून अधिक लोक वाचले हे इतर जहाजांच्या तत्परतेमुळे. खटला न्यायालयाबाहेरच मिटला, त्यामुळे दोषाचा अधिकृत निवाडा कधी झाला नाही. पण जगभरच्या नाविकांनी त्यातून घेतलेला धडा स्पष्ट होता: अर्धवट पाहिलेला पडदा मुळीच न पाहिलेल्या पडद्यापेक्षा घातक ठरू शकतो, कारण तो माणसास खोटा धीर देतो.

हे सत्तर वर्षांपूर्वीचे, आजची यंत्रे कितीतरी पुढे गेली आहेत, असे कोणी म्हणेल. त्यांनी १७ जून २०१७ ची घटना आठवावी. जपानच्या किनाऱ्यापाशी अमेरिकेची ‘फिट्झजेराल्ड’ ही अत्याधुनिक विनाशिका ‘एसीएक्स क्रिस्टल’ या मालवाहू जहाजाशी टकरली आणि सात नौसैनिक मरण पावले. शेकडो मैलांवरचे विमान टिपू शकणारी ही युद्धनौका. तिला समोरचे, पर्वताएवढे जहाज वेळीच उमगले नाही. त्याच वर्षी अमेरिकी नौदलाने स्वतःच प्रसिद्ध केलेल्या अहवालात कारणे नमूद आहेत. पहाऱ्यावरील मंडळींना रडारच्या मूलभूत गोष्टींचे पुरेसे ज्ञान नव्हते, म्हणून त्याचा नीट उपयोग करून घेता आला नाही. डोळ्यांनी टेहळणी करणारा माणूस जहाजाच्या डाव्या बाजूसच पाहत होता. टक्कर उजव्या बाजूस झाली. आपल्याच दोषांची अशी उघड कबुली देण्याचा मोठेपणा त्या नौदलाने दाखविला, हेही नमूद केले पाहिजे. आपल्याकडील किती चौकशी अहवाल इतक्या सरळ भाषेत सामान्य मच्छीमारापर्यंत पोचतात, हा प्रश्न मात्र मनात आल्यावाचून राहत नाही.

कायदा या बाबतीत मुळीच संदिग्ध नाही. समुद्रावरील टकरी टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले आणि १५ जुलै १९७७ पासून अमलात आले. त्यांतील पाचवा नियम सांगतो की प्रत्येक जहाजाने सदैव डोळ्यांनी, कानांनी आणि उपलब्ध असलेल्या सर्व योग्य साधनांनी टेहळणी केली पाहिजे. येथे डोळे आणि कान प्रथम आले आहेत हे ध्यानात घेण्याजोगे आहे. सहावा नियम सुरक्षित वेग ठरविताना रडारच्या मर्यादा आणि लहान नौका रडारवर न दिसण्याची शक्यता विचारात घेण्यास बजावतो. सातवा म्हणतो की अपुऱ्या माहितीवरून, विशेषतः रडारच्या अपुऱ्या माहितीवरून, तर्क बांधू नयेत. आणि धोका आहे की नाही अशी शंका आली तर धोका आहे असेच मानावे. एखाद्या अनुभवी तांडेलाने आपल्या पोराला सांगावी तशीच ही शिकवण आहे. ती मोडून माणसे मरतात तेव्हा दोष यंत्राच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

आता आमच्या समुद्रातला हिशेब मांडून पाहू. पंधरा नॉट वेगाने जाणारे जहाज एक सागरी मैल चार मिनिटांत कापते. श्रावणातल्या खवळलेल्या पाण्यात एखादी लाकडी नौका तीन मैलांवर प्रथम दिसली असे धरू. तेथून टकरीपर्यंत बारा मिनिटे उरतात. त्यांतील पहिली तीन संगणकास पक्का अंदाज देण्यात जातात. नंतर अधिकाऱ्याने तो वाचावयाचा, दुर्बिणीने पाहावयाचे, निर्णय घ्यावयाचा आणि हजारो टनांचे धूड वळवावयाचे. वेळ पुरेसा आहे, पण पाहणारा त्याच वेळी पडद्यापाशी असेल तर. तो मागे नकाशाच्या टेबलाशी कागद भरण्यात, दूरध्वनीवर किंवा पुढच्या बंदरासाठी तक्ते तयार करण्यात गुंतला असेल, तर बारा मिनिटे म्हणजे काहीच नाही.

त्यातच घंटेची गोष्ट येते. हंगामात आमच्या किनाऱ्यापासून काही मैलांपर्यंत नौकांची एवढी दाटी असते की धोक्याची घंटा मिनिटामिनिटाला वाजू लागते. शंभरदा वाजून काहीच झाले नाही की एकशे एकाव्या वेळी माणूस ती न पाहता बंद करतो, किंवा तिची मर्यादाच इतकी आखूड करतो की ती वाजूच नये. लांडगा आला रे आला ही गोष्ट आमच्या प्रत्येक मुलास ठाऊक आहे. फरक एवढाच की येथे लांडगा खरोखर येतो तेव्हा मेंढपाळाचे नव्हे, दुसऱ्याच कोणाचे तरी प्राण जातात.

तथापि सारा दोष पहाऱ्यावरच्या एका अधिकाऱ्यावर टाकून मोकळे होणेही न्यायाचे नाही. आमच्या गोव्यातील, सिंधुदुर्ग-रत्नागिरीतील, कारवारातील कितीतरी घरांतले तरुण जहाजांवर नोकरी करतात. त्यांच्या आयांना आणि पत्नींना ही हलाखी ठाऊक आहे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे चोवीस तासांत किमान दहा तासांची विश्रांती मिळाली पाहिजे. कागदावर ती मिळते. लहान जहाजांवर दोनच अधिकारी सहा-सहा तासांचे पहारे आलटून पालटून देतात, बंदरात माल चढविण्या-उतरविण्याचे कामही त्यांच्याच माथी असते, आणि रात्री जेथे टेहळणीसाठी दुसरा माणूस उभा असावा तेथे त्यास रंगकामासाठी दिवसा राबविण्याकरिता झोपू दिलेले असते. आज जहाजांवर असेही यंत्र बसविणे आवश्यक झाले आहे, की पहाऱ्यावरील अधिकाऱ्याने तीन ते बारा मिनिटांत हालचाल केली नाही तर ते त्यास जागे करते आणि तो न उठल्यास इतरांना बोलावते. पडदा पाहण्यासाठी माणूस, आणि माणूस जागा आहे की नाही हे पाहण्यासाठी पुन्हा यंत्र! एका माणसाचे वेतन वाचविण्यासाठी ही साखळी लांबविणाऱ्या जहाजमालकांनी टकरीनंतर मात्र ‘मानवी चूक’ असे म्हणून हात झटकावेत, हे आम्हांस मान्य नाही. ज्याच्याकडून चूक होते तो माणूस थकलेला का होता, हाही चौकशीचाच विषय आहे.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण आपल्या माणसांना गोड बोलून त्यांचे हित साधत नाही. ट्रॉलर ओढत असताना वर हिरवा व खाली पांढरा आणि इतर प्रकारे मासेमारी करताना वर तांबडा व खाली पांढरा असे दिवे लावावयाचे असतात. प्रत्यक्षात काही नौका काळोखात असतात, तर काही एवढ्या झगझगाटात की त्यांचे ओळखदिवेच त्या उजेडात बुडून जातात. प्रखर दिव्यांच्या साहाय्याने मासेमारी करण्यास केंद्राने २०१७ साली बंदी घातली ती माशांच्या रक्षणासाठी. परंतु तसल्या उजेडाने माणसांच्या रक्षणासही बाधा येते. रात्री नांगर टाकल्यावर सारेच्या सारे खलाशी झोपी जाणे ही तर प्राणाशी गाठ आहे. दिवसभर जाळी ओढून अंग मोडून येते हे आम्हांस समजते. पण जहाज वळणार नाही असे धरून एकाने तरी जागले पाहिजे. एका हातात विजेरी आणि कानाशी वायरलेसचा सोळावा चॅनेल, एवढे केले तरी रात्र पुष्कळ सुरक्षित होते.

उपग्रहाशी जोडलेली यंत्रे आली की सारा प्रश्न सुटेल, असा समज सध्या पसरत आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते एक लाख मासेमारी नौकांवर अशी यंत्रे बसविण्याच्या योजनेचा आरंभ झाला. तिचा खर्च सुमारे ३६० कोटी रुपये आहे. वादळाची सूचना, संकटसमयी साद, सीमेचा इशारा या दृष्टींनी ही योजना स्वागतार्हच होय. पण हे यंत्र मुख्यतः नौकेचे नाते किनाऱ्याशी जोडते. पलीकडून येणाऱ्या जहाजावरील अधिकाऱ्यास ती नौका दिसेल की नाही हा वेगळा प्रश्न आहे. मोठी जहाजे आपली ओळख आपोआप प्रसारित करतात आणि ती चिन्हे रडारच्या पडद्यावर उमटतात. त्याचा एक वाईट परिणाम असा, की जेथे चिन्ह नाही तेथे कोणी नाही असे तरुण अधिकाऱ्यास वाटू लागते. शिवाय गर्दी कमी दिसावी म्हणून लहान नौकांची चिन्हे लपविण्याचीही सोय काही यंत्रांत असते. म्हणजे पुन्हा तेच: स्वच्छ पडद्याचा मोह.

या सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय म्हणजे रडार रिफ्लेक्टर. धातूचे पातळ पत्रे एकमेकांस काटकोनात जोडून केलेली ही एक साधी वस्तू. तिला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही, दुरुस्ती जवळजवळ लागत नाही. कोणत्याही दिशेने आलेली लहर तिच्या कोपऱ्यात शिरली की आल्या वाटेने परत फिरते, आणि लाकडी नौकेचा दुर्बळ ठिपका पडद्यावर ठळक होतो. ती नौकेवर शक्य तितकी उंच टांगली पाहिजे. केबिनच्या कोपऱ्यात पडून राहिली तर निरुपयोगी. इतक्या साध्या वस्तूला आमच्या सुरक्षासाहित्यात जीवरक्षक जाकिटाच्या बरोबरीचे स्थान का मिळू नये?

आमच्या मते काही गोष्टी विनाविलंब होण्यासारख्या आहेत. मत्स्योद्योग खात्याने हंगामापूर्वी नौकांची तपासणी करताना रिफ्लेक्टर आणि ओळखदिवे पाहावेत, आणि ज्या लहान नाखव्यास ते परवडत नाहीत त्यास खर्चाचा भार उचलून द्यावेत. तांडेलांसाठी धक्क्यावरच, त्यांच्या भाषेत, मराठीत नि कोंकणीत, एका दिवसाचा पाठ व्हावा, आणि त्यात रडारचा चालता पडदा दाखवावा. आपली होडी समोरच्या जहाजावर कशी दिसते, आणि कशी दिसत नाही, हे ज्याने एकदा पाहिले तो रात्री दिवा लावण्यास विसरणार नाही. नौवहन महासंचालनालयाने नाविक प्रशिक्षणात खवळलेल्या समुद्रात लहान लाकडी नौका शोधण्याच्या सरावास अधिक तास द्यावेत. आमचा पश्चिम किनारा ही त्या सरावाची खरी शाळा आहे. मासेमारीच्या दाट पट्ट्यातून रात्री जाणाऱ्या जहाजावर पडद्यापाशी अधिकारी आणि बाहेर टेहळ्या अशी दोन माणसे असलीच पाहिजेत, आणि ती नव्हती असे आढळल्यास केवळ त्या अधिकाऱ्यास नव्हे, तर मालकासही जाब विचारला जावा. आणि टकरींच्या चौकशीचे निष्कर्ष सोप्या भाषेत मच्छीमार संस्थांपर्यंत पोचावेत. ज्यांचे प्राण जातात त्यांनाच कारण न कळणे हा अन्यायावरचा अन्याय होय.

यातील एकही मागणी चंद्रावर यान पाठविण्याइतकी कठीण नाही. त्यासाठी नवा शोध लावावयाचा नाही. शोध ह्यूल्समायरने सव्वाशे वर्षांपूर्वी लावून ठेवला आहे. हवी आहे ती पहाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाची जागरूकता, आणि त्यास जागे राहता येईल अशी परिस्थिती निर्माण करण्याची मालकांची व शासनाची तयारी. आमची जी मुले आज जहाजांच्या ब्रिजवर उभी आहेत त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे: रात्री तुमचा हात लाटांचे ठिपके पुसणाऱ्या त्या कळीवर जाईल तेव्हा ती थोडी सावकाश फिरवा. तुम्ही जो ठिपका पुसणार आहात त्यात कदाचित तुमच्याच वाड्यावरचा कोणी जाळे सोडून बसला असेल, आणि पहाटे त्याची वाट पाहणारी माणसे धक्क्यावर उभी असतील.